सहावी कात

(२००४. कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला सेवक सावळीराम, त्याचं एकलहऱ्याजवळचं घर. गायधनी सर इथे पहिल्यांदाच आले आहेत.)

सर : पुन्हा वाचून दाखवू का?

सावळीराम : नको. कळलं मला. पिंजरे झाडताना माझ्या हातून नाकतोड्यांच्या काती केरात गेल्या, म्हणून सरांचा आकडा चुकला. असंच ना?

सर : चुकला असं नाही लिहिलेलं. 'नोंद अपुरी राहिली' असं लिहिलंय.

सावळीराम : लिहिलंय माझ्या नावानं.

सर : अरे, बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तू रिटायर झालास, तुला कोण काय विचारणार? मला मात्र त्या आकड्यावर डॉक्टरेट मिळालीय. भातावरच्या नाकतोड्याची मादी पाच वेळा कात टाकते, असं मी लिहिलं. आता अमोल, माझाच विद्यार्थी, पुण्यात बसून छापायला निघालाय की सहा वेळा.

सावळीराम : सहाच.

सर : तुला काय माहीत?

सावळीराम : ती पिल्लं इगतपुरीहून, माझ्या भावाच्या खाचरातून मीच आणली, सर. चार महिने चारा मीच घातला. तेव्हाच बोललो होतो तुम्हाला. खाली पडलेल्या काती मोजू नका म्हणून. काही जणी आपलीच कात खाऊन टाकतात. तुम्ही अकराला येईपर्यंत काय उरत नाय. तर तुम्ही म्हणालात, झाडणाऱ्यानं झाडावं.

सर : म्हणालो असेन. रागाच्या भरात माणूस बोलून जातो.

सावळीराम : रागात नव्हतात. चहा पीत होतात.

सर : बरं. काती नाही मोजायच्या, मग तू काय मोजलंस?

सावळीराम : आमच्या रोशनीची नेलपॉलिशची बाटली नेली घरून. एकेकीच्या पाठीवर ठिपका दिला. कात निघाली की ठिपका तिच्याबरोबर जातो. पाठ कोरी दिसली की एक धरायची आणि परत ठिपका द्यायचा. मग कात खाल्ली काय, राहिली काय. पण घाई करून चालत नाय. उलटी लटकते, पाठ उकलते, आणि नवी बाहेर येते ती लय मऊ. नुसतं बोट लागलं तरी पाय वाकडा होतो. अंग कडक होईस्तोवर थांबायचं. दोन मेल्या माझ्या हातून. अजून वाईट वाटतं.

सर : हे सगळं मला तेव्हा सांगायचं नाही का?

सावळीराम : सांगितलंच की. प्रबंधात तुम्ही 'प्रयोगशाळा सेवक' यांचे आभार मानले. नाव घातलं नाय. या कागदावर मात्र पूर्ण नाव हाय, बापाच्या नावासकट.

सर : तुझा राग समजतो मला. पण चंदरचा विचार कर. तुझा पोरगा सहा वर्षं आमच्याकडे टेम्पररी आहे. त्याला कायम करायचा विषय पुढच्या मीटिंगला येतोय, आणि कार्यकारिणीवर मी आहे. ही धमकी नाही हं.

सावळीराम : नाय, धमकी कशाला द्याल. पेन उघडून पुढं ठेवलंय, तेवढं पुरे.

सर : सही केलीस तर कोणाचंच नुकसान नाही.

सावळीराम : माझं हाय ना. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक पिंजरा उघडा राहिला नाय. तेवढंच माझ्याकडे होतं, आणि तेच तुम्हाला पाहिजे. इतकी वर्षं तुमच्या पाया पडलो, त्याची लाज वाटते आता.

सर : सावळीराम, जपून बोल.

सावळीराम : आणि सही करून उपयोगही नाय. वही अमोलकडे गेली.

सर : कसली वही?

सावळीराम : कुठल्या मादीचा ठिपका कोणत्या दिवशी गेला, त्याची. दर शनिवारी तुमच्यापुढं ठेवायचो. तुम्ही न वाचता सही करायचात. सोळा सह्या आहेत तुमच्या.

सर : म्हणजे मला इतका वेळ नुसतं बोलू दिलंस.

सावळीराम : सोळा शनिवार मी बोलत होतो, सर.

सर : पोराचं वाटोळं केलंस तू. निदान त्याला एकदा विचारायचं तरी.

सावळीराम : विचारलं. वही तोच देऊन आला.