सपाट लिहिलेला डोंगर

ऐका. डोळे डोंगराकडे ठेवा आणि कान माझ्याकडे. वणव्याची राखण करायला बसलोय आपण, झोपायला नाही. वर कुठं लाल ठिपका दिसला तर आधी हाक मारायची, मग माझी गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल. आग झोडपायच्या ओल्या फांद्या हाताशी आहेत ना सगळ्यांच्या? गुणाजी, तुझी कुठं आहे? उशाला घेतलीस? धन्य आहे तुझी.

ही गोष्ट माझ्या दाजींची. थोरल्या बहिणीचे यजमान, मनोहर गव्हाणे. शहरात असतात. जमीन मोजायचं काम करायचे. सरकारी नोकरी नव्हे, स्वतःचं काम. कुणाचा प्लॉट, कुणाचा बांध. अगदी सरळ माणूस. पण माणूसच ना. एकदा चुकले.

चोवीस वर्षं झाली. हा समोरचा बोलाईचा डोंगर एका बिल्डरच्या डोळ्यात भरला. भरेल नाही तर काय? वर त्या सोंडेवर उभं राहिलं की सगळं शहर पायाशी दिसतं. तळं दिसतं, नदीचं वळण दिसतं. संध्याकाळी शहरातले लोक मुलाबाळांना घेऊन चढून जायचे, नुसते बसायचे, दिवे लागले की उतरायचे. त्याला तिथं बंगले हवे होते. बाकी कुणी बघायचं नाही, बंगलेवाल्यांनी बघायचं.

पण नियम आडवा आला. डोंगराला फार उतार असेल तर तिथं बांधायचं नाही. पाच पावलं पुढं जाताना एका पावलाहून जास्त खाली जात असाल, तर नाही म्हणजे नाही. म्हणून मोजणीच्या नकाशाबरोबर एक तक्ता भरून द्यायचा होता. त्यात विचारलेलं, उतार किती? आणि लोक बघायला येतात असं इथून काही दिसतं का?

बिल्डर दाजींना म्हणाला, "गव्हाणे, जागा तशी सपाटच आहे हो. तुम्ही फक्त लिहायचं." वर म्हणाला, पुढच्या सगळ्या कामांची मोजणी तुमच्याकडेच. दोन वर्षं दाजींच्या हाताला धड काम नव्हतं. ते होय म्हणाले.

आता हे नीट ध्यानात घ्या. तो कागद दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कचेरीत द्यायचा होता. तसाच गेला असता, तर यंत्रं आली असती, सोंड कापली असती, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती सगळी माती आपल्या घरांवर आली असती. आपण बसलोय ते हे देऊळही नसतं आणि मीही नसते गोष्ट सांगायला.

तर दाजी दुपारी वर गेले. मोजलं काहीच नाही. सोंडेवरच्या खडकावर बसले आणि तक्ता भरला. उतार, नाममात्र. दिसण्याजोगं, काही नाही. लिहिताना कागद दोनदा मांडीवरून घसरला. दाजींनी त्याच्यावर दगड ठेवला आणि सपाट लिहून टाकलं. हसू नकोस शेवंता, त्यांनी स्वतः सांगितलंय मला.

सगळं आटोपेपर्यंत दिवस बुडाला. वर धनगराचं एक खोपट होतं तेव्हा. तिथल्या कोंडाबाईंनी त्यांना ताक दिलं आणि म्हणाल्या, "दादा, आता सोंडेच्या वाटंनं जाऊ नका. राहा हितंच. भाकरी टाकते."

"अहो, अर्ध्या तासाची तर वाट. खाली मेहुणीचं घर आहे, चहा तिच्याकडेच घेतो."

"अंधारात ती वाट बरी न्हाई. साखळ्या फिरतो तिथं."

"कोण साखळ्या?"

मग कोंडाबाईंनी सांगितलं. इंग्रजांच्या वेळी जमीन लोखंडी साखळीनं मोजायचे. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं ओढत पुढं न्यायचं. हा डोंगर मोजताना पुढचा गडी साखळीसकट कड्यावरून गेला. साहेब खाली बघायलाही गेला नाही. राहिलेलं माप त्यानं अंदाजानं वहीत लिहिलं आणि घोड्यावर बसून निघून गेला. "तवापासनं त्यो मोजतोय," कोंडाबाई म्हणाल्या. "त्येचं माप पुरं व्हईना."

दाजी हसले. म्हणाले, "म्हणजे आमच्याच धंद्यातला. भेटला तर तंबाखू देईन त्याला."

असं बोलू नये बाबांनो. कधीच बोलू नये.

निघाले. खांद्याला पिशवी, पिशवीत तो कागद, हातात बॅटरी. डाव्या हाताला शहराचे दिवे. वारा थंड. चालले, चालले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. दाजींना कसलं तरी नवल वाटायला लागलं, पण कसलं ते कळेना. मग कळलं. त्यांचा उजवा गुडघा दुखत नव्हता.

आता त्यांचा गुडघा असा, की घरच्या तीन पायऱ्या उतरले तरी कण्हायचे. चढताना काही नाही, उतरताना ठणका. आणि आज अख्खा डोंगर उतरतायत आणि गुडघा गप्प. आधी बरं वाटलं त्यांना. म्हणाले, कोंडाबाईंचं ताक मानवलं. मग घड्याळात बघितलं. पाऊण तास झालेला. खाली बघितलं. शहराचे दिवे जिथल्या तिथं. जेवढे लांब होते तेवढेच लांब.

गुडघा दुखत नव्हता, कारण ते उतरतच नव्हते.

"आक्का, वाट चुकले असतील," म्हणे गुणाजी. अरे, वाट चुकला तरी डोंगरावरचा माणूस वर जाईल नाही तर खाली जाईल. दाजी दोन्हीकडे जाईनात. उजवीकडे वळले, सपाट. डावीकडे वळले, सपाट. मागं फिरले, तिकडंही सपाट. दगड नाही, खड्डा नाही, पायरी नाही. सारवलेल्या अंगणासारखी जमीन, आणि अंगण संपेचना.

दाजींनी बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं. मोजणारा माणूस, त्याला ठाऊक, पाणी खोटं बोलत नाही. जिकडं ओहोळ जाईल तिकडं उतार. ओतलं आणि वर बॅटरी धरली. पाणी कुठंच गेलं नाही. ताटात सांडल्यासारखं गोल पसरलं आणि थांबलं. दाजी बघत राहिले.

आणि मग आवाज आला. लांबून. खळ्ळ. थोडा वेळ काही नाही. परत, खळ्ळ. कुणी लोखंड ओढत यावं तसा. आणि त्याच्याबरोबर माणसाचा आवाज, अगदी कामातला, रोजचा. "एक... दोन... तीन..."

दाजींनी दिव्यांकडे तोंड केलं आणि पळत सुटले. दिवे दिसतायत तिकडं शहर आहे, एवढंच डोक्यात. पळता पळता दिवे विझायला लागले. एकदम नाही. आधी नदीपलीकडचे गेले. मग पुलावरचे. मग तळ्याभोवतीचे. कुणी पाटीवरचं पुसत यावं तसे. शेवटी काहीच उरलं नाही. वीज गेली तर गाड्यांचे दिवे तरी हलतात. इथं ना दिवा, ना तळं, ना आभाळाची कड. दाजींनी तक्त्यात लिहिलं होतं ना, दिसण्याजोगं काही नाही? तेवढंच समोर होतं.

"सायेब," मागून कुणी म्हणालं, "टोक धरा."

वळून बघतात तर माणूस उभा. उंच, वाळका, मुंडासं बांधलेला. पाय मला विचारू नका. दाजींनी बघितले नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही. त्यानं साखळीची मूठ पुढं केली. दाजींनी मनाशी ठरवलं, घ्यायची नाही. पण हात जन्मभर तेच करत आलेला. कुणी फीत पुढं केली की टोक धरायचं. मेंदूनं नको म्हणेपर्यंत हातानं धरलंही. आणि मूठ सुटेना. थंड, बर्फासारखी.

तो पुढं निघाला. दाजी मागून ओढले गेले. खळ्ळ, खळ्ळ. "बारा... तेरा..."

दाजी म्हणाले, "बाबा, कुठवर मोजायचं?"

"तुमी सपाट लिवलंय तिथवर."

"अरे, पण डोंगर कुठं गेला? उतार कुठं गेला?"

तो थांबला. वळून म्हणाला, "मी काय केलं, सायेब? कागदावर हाय तसं केलंय." आवाजात राग नाही बरं का. नोकर मालकाला सांगतो तसा. दाजी म्हणतात, रागावला असता तर बरं वाटलं असतं.

परत चालू. सोळा. सतरा. आणि दाजींच्या बुटाला एक खडा लागला. त्या सगळ्या सपाटीवरचा पहिला खडा. उडाला पुढं. पडल्याचा आवाज आला नाही. दाजी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. आणि मग आवाज आला, पार खालून, खोलातून. टक.

कळलं का? डोंगर कुठंही गेला नव्हता. उतार होता, कडाही होता, समोर दोन पावलांवर होता. फक्त दाजींच्या पायांना दिसत नव्हता, कारण दाजींनी तो नाही असं लिहून दिलेलं. आणि साखळ्या त्यांना त्याच जागी नेत होता, जिथून तो स्वतः गेला होता. "अठरा..."

दाजी खाली बसले. बसले म्हणजे अंगच टाकलं. साखळी ओढतेय, खांदा निखळायला आलाय. मोकळ्या हातानं पिशवी उपसली. बॅटरी दातात धरली. कागद मांडीवर पसरला, पेन काढलं. डाव्या हातानं कधी अक्षर काढलं नव्हतं त्यांनी. "नाममात्र"वर काट मारली आणि वर वेडंवाकडं लिहिलं, 'उभा कडा. बांधकाम करू नये.'

साखळी सैल झाली.

आणि गुडघ्यातून अशी कळ आली, अशी कळ, की दाजी ओरडलेच. दातातली बॅटरी पडली. पडली आणि गडगडत, उड्या मारत खाली गेली. दाजींनी तिचा उजेड जाताना बघितला. अंगणासारखी जमीन गेलेली. खाली खडक, बाजूला करवंदीच्या जाळ्या, आणि ते कड्याच्या टोकाला बसलेले, एक पाय बाहेर.

पण समोर अजून काळोखच. दाजींना आठवलं, दुसरा रकाना राहिलाय. अंधारातच चाचपून लिहिलं. 'सगळं शहर दिसतं.' शेवटचं अक्षर पुरं झालं, आणि तळ्याभोवती दिवे लागले. मग पुलावर. मग नदीपलीकडं. दाजी सांगतात, तेव्हा मी लहान मुलासारखा रडलो. कड्यावर बसून, पाय हालवायची भीती, आणि डोळे भरून शहर बघतोय.

शेजारी तो उभाच होता. तोही बघत होता. मग म्हणाला, "सायेब, टोक सोडू?"

"सोड बाबा."

मूठ सुटली. तो हलेना. म्हणाला, "आन् तंबाखू?"

हस, गुणाजी, हस. खिशातून पुडी काढली आणि न बघता मागं धरली. घेतली कुणीतरी. खळ्ळ, खळ्ळ, आवाज वर वर गेला आणि थांबला.

मग दाजी उतरले. उतरले कसले, घसरले. बसल्या बसल्या, हातांनी गवत धरत, करवंदीतून, काट्यातून. प्रत्येक हिसक्याला गुडघा ठणकायचा आणि प्रत्येक ठणक्याला दाजी म्हणायचे, चला, अजून थोडं खाली आलो.

मी दार उघडलं तेव्हा साडेनऊ वाजले असतील. दारात दाजी. विजार मागून पार फाटलेली, एक बूट गायब, अंगभर काटे, आणि तोंडावर हसू. मी म्हटलं, "अगोबाई, दाजी, पडलात की काय?"

म्हणाले, "पडलो सिंधू. अगदी खाली पडलो. चहा टाक."

अर्धी रात्र मी सुईनं काटे काढत होते. विचारलं, गुडघा कसा आहे? म्हणाले, "दुखतोय गं. छान दुखतोय." मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मग त्यांनी सगळं सांगितलं. तो कागद दाखवला. त्या रात्री मला सुद्धा किती हलकं वाटलं म्हणून सांगू. माझी दोन मुलं आत झोपली होती, डोंगराकडच्या भिंतीला डोकं लावून.

सकाळी दहाला दाजींनी तोच कागद कचेरीत दिला. खाडाखोड होती तशीच. बिल्डर फोनवर वाट्टेल ते बोलला. काम गेलं ते गेलंच. दाजी पुन्हा आपले बांध मोजत राहिले, आणि निवांत झोपत राहिले.

महिन्यानं बिल्डरनं दुसरा मोजणारा पाठवला. तरुण होता, शहाणा होता. दाजी मुद्दाम इथं आले आणि त्याला संध्याकाळी सोंडेवर घेऊन गेले. खडकावर बसवला. म्हणाले, "बसा. दिवे लागले की लिहा." काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पण तो खाली आला तेव्हा कागद कोराच होता, आणि तो मला विचारत होता, "काकू, यायला जायला दुसरी वाट नाही का हो?"

त्यानंतर कुणी आलं नाही. डोंगर राहिला. आता वणव्यानं तेवढा जाऊ द्यायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे.

तेव्हा पोरांनो, दिवस बुडाल्यावर सोंडेच्या वाटेनं जायचं नाही. लोखंड ओढल्याचा आवाज आला तर थांबायचं नाही. कुणी टोक धरा म्हणालं तर हात खिशात घालायचे. आणि पिशवीत खोटा कागद असेल, तर भर दुपारी सुद्धा तिकडं फिरकायचं नाही. तेव्हा साखळ्याला दिवस काय नि रात्र काय.

जायचंच झालं, तर देवळामागून जुनी बैलवाट आहे, तिनं जा. लांब पडते, पण खाली उतरते.