माशाच्या कानातले खडे

—अठ्ठावीसच. नाई जी, पत्रिकेत चूक नाई, आमची निशिगंधा अठ्ठावीसचीच हाय. काहून, चहा कडू लागला काय? दारव्ह्यात सारे म्हणतातच—विठ्ठलरावची पोरगी घरात बसली. बसली कुठं? कोचीले समुद्रावर एका माशाचा अभ्यास करून राह्यली. थो मासा तीस वर्षांचा झाल्याशिवाय अंडे देत नाई! अन् त्याच्या बापाले कोणी पाव्हणा येऊन वय इचारत नाई. हजार मीटर खोल, अंधार, थंडी—तिथं घाई कोणाले? हातभर वाढाले वीस वर्षं. आपली पऱ्हाटी पाच महिन्यांत वाढते अन् बोंडअळीच्या पोटात जाते.

वय कसं समजते म्हणता? कानातल्या खड्यावरून. माशाच्या दोन कानांत दोन खडे, खड्यावर बारीक वर्तुळं—एक वर्ष, एक वर्तुळ. केरळापासून अंदमानापर्यंत कुठं लहान मासे, कुठं म्हातारे, हे त्यावरूनच लिवाचं. तीन वर्षं बोटीवर ओकून ओकून तिनं साठ माशांचे खडे जमवले अन् सुट्टीत घरी आणले. साठ पुड्या, पुडीवर नंबर.

आता मले सांगा, पेरणीच्या दिवसांत आपल्या घरात नंबर टाकलेली पुडी म्हणजे काय? बियाणं! रोज कोणी ना कोणी नवं वाण देऊन जाते—दवा-रंग लावून लाल येते, निळं येते, तं पांढरं-चपटं येणार नाई काय? एका पुडीत दोनच दाणे—म्हणलं, कंपनी कंजूस झाली. माह्यं बियाणं अर्धं उगवलंच नव्हतं. बांधाले लागून, धुऱ्याजवळच्या दोन ओळींत, दोन तासांत, ज्या जागा रिकाम्या राह्यल्या, तिथं मातीत टोबून देल्ले. पाणीबी देल्लं. हासू नका! आठ दिवस वाकून वाकून कोंब पाह्यला मी.

नवव्या दिवशी पोरगी म्हणे, बाबा, माह्या पुड्या? मी म्हणलो, मले काय मालूम. मालूम होतं जी, तवाच समजलं का थे बियाणं नव्हतं. पण चार दिवस गप राह्यलो. वाटलं—खडे गेले तं अभ्यास गेला, अभ्यास गेला तं पोरगी बोटीवर जात नाई, इथंच तुमच्या पुसदले नांदते. त्याच दिवशी तुमाले फोन—जाऊ द्या. हे सांगाचं नव्हतं.

मंग माह्या बायकोले, इंदूले, माह्या बंडीच्या खिशात रिकाम्या पुड्या भेटल्या. पोरगी रागावली नाई. रागावली असती तं बरं झालं असतं. फक्त म्हणे, कोणत्या तासात? अन् पिठाची चाळणी घेऊन गेली. तवापासून जागेजागची माती येगळी वाळवते, चाळते. शंभराच्या वर भेटले. पण कोणता खडा कोणत्या माशाचा? तेवढं मलेच मालूम. वाण कोणतं चांगलं निघते ते पाहाचं होतं न, म्हणून नंबरवार टोबले, काड्या रोवून; नंबर काडीवर नाई, माह्या डोक्यात. सकाळी तिनं इचारलं, बाबा, नंबर आठवतात काय? मी म्हणलो, आज पाव्हणे येणार हायत, मंग पाहू.

मंग पाहू म्हणलो जी मी. आपल्या पोरीले.

पोरगी पाहाची होती ना तुमाले? ते पाहा तिकडं, धुऱ्यावर वाकून बसली हाय. पाह्यली? आता उठा. नाई, पोहे राहू द्या, फाट्यावर जीप भेटते, निंगा तुमी, मले धुऱ्यावर जाचं हाय—इंदू, माही टोपी कुठं हाय?