भरवशाचं टोक

हसू नका, पण सांगतो. जर्मनीत आल्यावर इथल्या धनुष्यबाणाच्या क्लबात जायला लागलो आणि शिकारीच्या बाणाला कुठलं टोक भरवशाचं, याची तीन आठवडे खपून एक्सेल शीट बनवली. क्लबातल्या हान्सआजोबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ओळ न ओळ वाचली.

"साध्या लाकडी धनुष्याला दोन पात्यांचं, जाड पोलादाचं घे. घरी धार लावता येते."

"माझ्या शीटमध्येही तेच पहिलं आलंय."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण जर्मनीत धनुष्याने शिकार करायला बंदी आहे, ते शीटमध्ये दिसलं नाही."

माझा चेहरा पडला. आजोबांनी शेजारचा ड्रॉवर उघडला. आत तसलंच टोक होतं, एकदाही न वापरलेलं.

"मीही आधी टोकच निवडलं होतं."