गिरीश मेश्रामचं ग्रीस

…नाही, चादर मी एक वेळ समजू शकतो हो, पण टोपी? तुम्हाला सांगतो, आमच्या गिरीश मेश्रामचं जे झालं ते ऐकून अजून तोंड कडू आहे माझं. गिरीश नागपूरचा, अमेरिकेत सनीव्हेलला चिप डिझाइन करतो, मीटिंगमध्ये कुणी पाय तुडवला तरी स्वतःच सॉरी म्हणणारा. हे चालू शहाण्णव साल, ग्रीन कार्डचे कागद बॉसच्या सहीसाठी पडलेले, आणि नेमकं त्याच वेळी बॉसच्या, म्हणजे त्या डगच्या, डोक्यात प्राचीन ग्रीस शिरलं!

शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांनी घरून चादर आणायची आणि ग्रीकांसारखी गुंडाळून बसायचं. उल्कानं, त्याच्या बायकोनं, घरात होती ती दिली… सोलापुरी! जुलैच्या उन्हात! बिचारा पाठ खाजवत बसलाय, समोर फुलाफुलांच्या चादरीतून डगच्या केसाळ पोटऱ्या दिसतायत, आणि जेवायला काय, तर बुळबुळीत ऑलिव्ह, ओल्या खडूसारखं चीज आणि पानात गुंडाळलेला गार भात. शी! आणि हे सगळं कशासाठी? टीम बिल्डिंग!

कॅरल नावाची एक ट्रेनर बोलावलेली. ती आपली पळतेय… सोलोननं कर्जात बुडालेल्यांना सोडवलं, मॅरेथॉनला इराण्यांना हरवलं, पेरिक्लीसनं अथेन्स सजवलं, सॉक्रेटिसला विष पाजलं… तासाभरात दोनशे वर्षं! मग प्रत्येकाला चिठ्ठी. डगला अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस निघाला, आपोआप बरं का, चिठ्ठ्या त्याच्याच हातात होत्या. पुण्याच्या राजेशला स्पार्टाचा सैनिक. आणि गिरीशला? हेलट.

हेलट म्हणजे काय, त्यानं विचारलं. कॅरल गोड हसून म्हणाली, स्पार्टाचे गुलाम, ते शेतं कसायचे म्हणून सैनिकांना लढाया करता यायच्या, खूप फन रोल आहे! तू सगळ्यांना वाढायचं, जेवायचं मागून, वेगळं बसून. आणि पिशवीतून काढली एक केसाळ टोपी. म्हणे हेलटांना कुत्र्याच्या कातड्याची घालावी लागायची, ओळखू यावेत म्हणून.

गिरीशनं दुसरी चिठ्ठी मागितली. राजेश कानाशी कुजबुजला, घाल ना यार, दोन तासांचा प्रश्न आहे, तुझे पेपर्स अडकलेत. डगला मात्र उत्साह. आपण लोकशाहीवाले, म्हणाला, मतदान घेऊ! तर कॅरल म्हणते, थांबा, अथेन्सच्या नियमानं घेऊ. बायकांना मत नाही. परदेशी माणसांना नाही. गुलामांना तर नाहीच. आता सनीव्हेलच्या त्या हॉलमध्ये उरलं कोण हो? डग आणि त्याचे दोन गोल्फवाले! कॅरलला स्वतःलाही मत नाही, आणि ती टाळ्या वाजवतेय! तीन विरुद्ध शून्य, गिरीशनं टोपी घालावी. जगातली पहिली लोकशाही! आणि हे सगळं कशासाठी? टीम बिल्डिंग!

गिरीशनं टोपी टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही. राजेशकडे वळून मराठीतच म्हणाला, "वेगळं ताट आणि वेगळी ओळख माझ्या आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी नागपुरात सोडली. ती परत घ्यायला मी इथं आलो नाही." मग डगला इंग्रजीत एवढंच सांगितलं की मी टोपी घालणार नाही आणि जेवणार सगळ्यांबरोबर. आणि पेरिक्लीसच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. राजेशनं खाली मान घालून ट्रे उचलला आणि वाढायला लागला… पहिल्यांदा गिरीशला.

रविवार नवराबायकोनं कसा काढला ते विचारू नका. उल्कानं नागपूरच्या तिकिटांची चौकशीसुद्धा करून ठेवली.

सोमवारी डगनं केबिनमध्ये बोलावलं. गिरीश दारातच उभा, आणि डग उठून त्याचा हात दाबतो! म्हणे, काय अभिनय केलास, मी तर हललो, तुझ्यात लीडर आहे. कागदांवर सही केली. वर पुढच्या ट्रेनिंगचा प्रमुख नेमला, विषय अलेक्झांडर.

आता गिरीश रोज संध्याकाळी अलेक्झांडर वाचत बसतो, कारलं चावल्यासारखं तोंड करून. परवा मला म्हणाला, "अपमान केला ते त्यांना कळलं नाही, ठीक आहे. पण मी चिडलो होतो, तेही कळलं नाही हो… डायरेक्ट प्रमोशन दिलं!"