एकच लाइन

नाही नाही मुकुल भिया, फोनची वायर काढू नका — मला नेट नकोय. दवाखान्याला एकच लाइन आहे ना, म्हणूनच म्हणतेय. सगळं सीडीवर आणलंय मी. या सर्वरवर जेवढं लागतं तेवढंच टाकणार — ना चित्रं, ना माउस, काळा स्क्रीन अन् पांढरी अक्षरं, बस. एखादी फाइल कमी पडली तर? तर उद्या परत येईन. पण तुमचा फोन अडवणार नाही. जिद्दी? असेन.

तसं आधी मीही नेटवरूनच उतरवायचे. माझे बाबा मिलमध्ये लूमवर होते. मिल बंद पडली, तर स्वतः मला पलासियाला कंप्यूटर क्लासला घेऊन गेले — म्हणाले, वसू, माझं तर संपलं, आता तू शिक. पुढे त्याच क्लासने मला पहिलं काम दिलं, असाच सर्वर बसवायचा. मशीन घरी आणलं. एक फाइल सीडीत नव्हती, ती फोनवरून उतरवत होते — सव्वा तासाचं काम, अन् मध्ये लाइन तुटली की परत पहिल्यापासून. दोनदा तुटली होती. बाबा रोजच्यासारखे कृष्णपुऱ्याला, त्या राजेलोकांच्या समाध्या आहेत ना, त्या छत्र्यांपाशी बसायला गेले होते, मिलमधल्याच शंकररावांबरोबर. तिथेच छातीत दुखायला लागलं. शंकररावांनी दवाखान्यात नेलं, अन् तिथून घरी फोन लावतायत, लावतायत — अकरा वेळा लावला म्हणे — एंगेज. आता मला काय कळणार? मला कुठे माहीत होतं —

माहीत होतं. म्हणजे — आईलासुद्धा मी हेच सांगितलंय, पण तसं नाहीये. शेजारच्या शारदाकाकू दारात आल्या होत्या. शेवटी शंकररावांनी त्यांच्याकडे फोन केला होता. काकू म्हणाल्या, 'वसू, तुला लगेच बोलावलंय, अर्जेंट आहे म्हणे, ठेव तो फोन.' अन् मी मान वळवून पाहिलंही नाही हो. म्हटलं, 'काकू, पाच मिनिटं, होतच आलंय.' सत्तर टक्के झालं होतं. पाच मिनिटांत होणार नाही, हे मला दिसत होतं ना समोर! बावीस मिनिटं लागली. पोचले तेव्हा शंकरराव पायरीवर उभे होते, बाबांच्या चपला हातात घेऊन. म्हणाले, 'मघाशीच विचारत होते, वसू निघाली का.' मी तेव्हा निघालेच नव्हते, भिया. काकूंनी आजवर कुणाला सांगितलं नाही. जिन्यात भेटतात — विचारतात, जेवलीस का. एवढंच.

फाइल? उतरली ना, पूर्ण उतरली. तेरावं झाल्यावर सर्वर बसवून दिला क्लासला. एकदाही बिघडला नाही, आजही चालतोय. चांगलंच बसवलं होतं मी.

असं नका बघू. जा तुम्ही, बाहेर पेशंट बसलेत — अन् दार ओढून घ्या.