माणूस बघून उतरवायचा भाव

...आणि वर धाकटा दीर मलाच विचारतो, वहिनी, सवलतीचा नियम काय? आता तुम्हाला सांगते, भाव उतरवायला कधी नियम असतो का? माणूस बघून उतरवायचा! मर्गिलानच्या बाजारात सासूबाईंनी आयुष्यभर पाळण्याची पांघरुणं विकली, त्यांनी केला कधी नियम? गिऱ्हाईक म्हणणार महाग, आपण म्हणायचं परवडत नाही, ते चार पावलं निघून जाणार, आपण हाक मारायची, या हो मावशी, तुमचं राहू द्या... झालं!

पण आता बाजारात बसायची पाळी माझी, नि माझ्या तान्ह्या ओयशाची छाती भरलेली, सारखी घरघर. त्या गारठ्यात उघड्यावर कशी नेऊ तिला? म्हणून धाकट्या दिराच्या मागे लागले, बोतिरभावजी, फोनवर दुकान टाकून द्या. सासूबाईंनी बजावलं, आठवडाभरात पांघरुणं खपली तर ठीक, नाहीतर पोरीला घेऊन बाजारात बसायचं.

बोतिर शिकलेला. त्यानं सरसकट दहा टक्के कमी केले. एक पांघरूण हललं नाही! शेजारची झेबिनिसा म्हणे, न मागता कमी केलं म्हणजे कसर लागलेला माल. माणूस बघून उतरवायचा, मी म्हटलं नव्हतं?

मग त्यानं ‘कमी करा’ अशी कळ बसवली. दाबली की उतरला भाव. बायका म्हणाल्या, हे कसलं दुकान, एकदा नाहीसुद्धा म्हणत नाही? मी म्हटलं, भावजी, त्याला आधी नाही म्हणायला शिकवा, नि गिऱ्हाईक निघालं की हाक मारून कमी करायला लावा. बिचाऱ्यानं तेही केलं. तर काय, अख्खी गल्ली दुकानात येते नि जाते, येते नि जाते, नुसती हाक ऐकायला! दर हाकेला भाव खाली, आणि थांबायचं कुठे ते सांगायचं आम्ही दोघंही विसरलो... झेबिनिसानं तीन लाख सुमांचं पांघरूण आतल्या कापसापेक्षा स्वस्त करून ठेवलं. घेतलं का? छे. म्हणाली, “अगं, समोर कुणी हळहळलंच नाही, तर स्वस्तात मिळाल्याची मजा काय?”

शेवटी बोतिरनं हात टेकले नि त्या कळीमागे माझाच नंबर जोडला. कळ दाबली की फोन मला. खांद्यावर ओयशा, मी नाही म्हणते, सुस्कारा सोडते, फोन ठेवू देते, मग परत लावते, अहो मावशी, तुमचं राहू द्या... शेजारी सासूबाई, “सूनबाई, आणखी जरा हळहळ.” पांघरुणं खपली हो, बाजार टळला. ओयशा उबेत आहे. बोतिर मात्र ज्याला त्याला सांगत सुटलाय, आमच्या दुकानात सवलतीचा हिशेब आपोआप होतो.

आपोआप म्हणजे मी.