भिंगवाले काकांचे डोळे

माननीय अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती भिंगवाले काका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, माझे सहकारी आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो,

माझी शाळा आठवीत सुटली. चार माणसांत बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलंय.

माझ्याआधी तिघे बोलले. तिघांनी काकांच्या कामाचं कौतुक केलं आणि तिघांनीही, आडवळणाने का होईना, त्यांच्या डोळ्यांचा विषय काढला. मीही त्याच विषयावर बोलणार आहे.

पाहुण्यांसाठी सांगतो. आम्ही पितळी पाट्यांवर अक्षरं कोरतो. कोरून झालं की पाटीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ती छाप काकांकडे द्यायची. काका ती भिंगाखाली धरून शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचत. सरळ वाचलं की मन पुढे धावतं, नसलेलं अक्षरही दिसतं, असं ते म्हणत. लग्न ठरल्यावर काकूंनी पाठवलेलं पहिलं पत्रही त्यांनी असंच वाचलं आणि उत्तरात दोन वेलांट्या दुरुस्त करून पाठवल्या. तरीही काकू आल्या, हे काकांचं नशीब.

दोन वर्षांपूर्वी एका बाईंनी वडिलांच्या वाचनालयासाठी पाटी करून घेतली. ‘त्यांच्या स्मरणार्थ’ असं हवं होतं. मी ‘त्याच्या’ कोरलं. पाटी भिंतीवर लागली आणि दुसऱ्या दिवशी बाई इथे आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “माझ्या वडिलांना उभ्या आयुष्यात कुणी अरे-तुरे केलं नाही. तुम्ही पितळेवर केलंत.”

मालकांनी काकांना विचारलं, दिसलं कसं नाही? काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“डोळे दगा देतायत, साहेब.”

त्या दिवशी भिंग गेलं. काका खोकी बांधायला बसले आणि आज मुदतीच्या दोन वर्षं आधी निरोप घेतायत.

साहेब, काकांना दिसलं होतं. ही ती छाप. हे तांबड्या पेन्सिलीचं वर्तुळ त्यांच्या हातचं आहे. छाप परत यायची वाट न पाहता मी पाटीला रोगण लावून बसलो होतो. ते खरवडायचं म्हणजे सगळं काम पुन्हा, वर बोलणी. एवढा ठिपका कोण बघतंय, असं मनाशी म्हटलं, कागद खिशात घातला आणि पाटी बांधली.

मी हे आज बोलणार असं काकांना गेल्या आठवड्यात सांगितलं. ते चिडले. “गप्प बस. माझं झालंय, तुझं व्हायचंय.” दोन वर्षं रोज माझ्याशेजारी डबा खाल्ला, पण त्या कागदाचं काय केलंस, हे एकदाही विचारलं नाही. माणसाने माणसाला इतकं सांभाळावं? आणि सांभाळून घेतलेल्याने किती दिवस गप्प राहावं?

आजचं मानपत्र कोरायला माझ्याकडेच दिलं होतं. त्यात ‘दृष्टी क्षीण झाल्यामुळे’ अशी एक ओळ होती. ती मी कोरलेली नाही. जागा मोकळी आहे. तिथे काय यावं आणि माझं काय करावं, ते साहेबांनी ठरवावं.

आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. काही चूक झाली असल्यास क्षमा करावी, असं शेवटी म्हणतात. मला ‘असल्यास’ म्हणता येत नाही. चूक झाली आहे आणि ती माझी आहे. काका, काकू, मला क्षमा करा.